परगावचे दफ्तर

सोलापूरच्या माणसाला आपल्या गावाची हकीकत अस्सल कागदांतून वाचावयाची असेल, तर त्याने प्रथम सोलापूर सोडले पाहिजे, ही गोष्ट ऐकावयास चमत्कारिक वाटली तरी खरी आहे. भुईकोट किल्ल्याचे बुरूज गावात आहेत, सिद्धेश्वराचे तळे गावात आहे, संक्रांतीला निघणारे नंदीध्वज आणि गड्ड्याची जत्रा अद्याप गावाचीच आहे. परंतु या मुलखाची जमाबंदी ज्या कागदांवर लिहिली गेली, येथील इनामांचे आणि वतनांचे तंटे ज्या कैफियतींतून मांडले गेले, १९३० च्या मे महिन्यात येथे लष्करी कायदा पुकारताना जी लिखापढी झाली, ते सारे पुण्यास, मुंबईस, दिल्लीस, हैदराबादेस आणि बिकानेरास आहे, आणि थोडेसे तर लंडनास जाऊन बसले आहे. आपला कागद आपल्या घरी नसावा यात अपमान मानण्याचे कारण नाही. परगावी राहिला म्हणूनच तो पुष्कळदा वाचला. मात्र तो कोठे आहे, कोणत्या खोलीत मागावयाचा आणि हाती आल्यावर कसा वाचावयाचा, हे ठाऊक नसल्यामुळे आपण त्याला कायमचा पारखा मानून बसलो आहोत. ही अनोळख दूर व्हावी एवढ्याच हेतूने प्रस्तुत पुस्तक सिद्ध केले आहे.

ऐतिहासिक साधनांविषयीच्या पुस्तकाला मराठीत प्रस्तावना लिहावयास बसणाऱ्याच्या मानगुटीवर विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे उदाहरण बसलेले असते. १८९८ पासून त्यांनी काढलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेच्या बावीस खंडांतील काही प्रस्तावना मूळ कागदांइतक्याच, किंबहुना अधिक आवडीने, वाचल्या गेल्या आणि त्यांवर वादही तितकेच माजले. तो अधिकार माझा नव्हे. राजवाड्यांनी वाड्या-माड्यांतून, वाळवीच्या तोंडातून कागद काढले; मी फार तर कोणी तरी आधीच झाडून-पुसून, क्रमांक घालून ठेवलेले रुमाल सोडले आहेत. तेव्हा पुढे जे येते ती एका वाटसरूने दुसऱ्या वाटसरूला सांगितलेली वाट आहे, सिद्धान्त नव्हे.

माझ्या स्वतःच्या वाटेचा आरंभ घरातल्या एका पत्र्याच्या पेटीपासून झाला. आजोबांच्या पश्चात् त्या पेटीत मोडी लिपीतला एक लांबट कागद निघाला, आणि तो कोणालाच वाचता येत नसल्यामुळे साहजिकच त्याचे माहात्म्य दिवसेंदिवस वाढत गेले. तो पेशव्यांनी दिलेल्या इनामाची सनद आहे, असे थोरल्या काकांचे मत पडले. धाकट्या काकांना ती सनद दडवून ठेवल्याचा संशय आला. आणि दोघांत त्या कागदावरून काही वर्षे अबोला राहिला. शेवटी पुण्याच्या एका जाणकाराने तो कागद खिडकीशी धरून पाच मिनिटांत वाचला. त्यात सनद नव्हती, इनाम नव्हते. दोन खंडी जोंधळा कोणाकडून कोणत्या बोलीवर उसना आणला आणि त्यापैकी किती फेडला, याचा तो हिशेब होता. काकांची निराशा झाली. माझी मात्र झाली नाही. इनामाच्या सनदा पुष्कळांकडे असतात आणि त्या जपल्याही जातात. पण कोरडवाहू मुलखातल्या एका घराने एका वाईट साली किती जोंधळा उसना घेतला, हे सांगणारा कागद क्वचितच कोणी जपून ठेवतो. ज्या कारकुनाने तो लिहिला त्याच्या मनात इतिहास लिहावयाचा नव्हता, त्याला फक्त हिशेब चोख ठेवावयाचा होता. आणि दफ्तरातल्या कागदावर बखरीपेक्षा अधिक भरवसा ठेवावयाचा तो याचसाठी.

आता आपल्या जिल्ह्याचे कागद इतके दूर का गेले, हे थोडे पाहू. मंगळवेढे तालुक्यात भीमेच्या काठी माचणूर आहे. तेथे सिद्धेश्वराचे मंदिर आणि किल्ल्याचे अवशेष पाहावयास आपण सहलीने जातो. त्याच परिसरात ब्रह्मपुरीस औरंगजेब बादशहाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत पडून होती आणि बादशहाने त्या जागेचे नाव इस्लामपुरी असे ठेविले होते. म्हणजे सुमारे चार वर्षे हिंदुस्थानच्या बादशाहीचा दरबार सोलापूर जिल्ह्यातल्या एका नदीकाठी भरत होता, आणि त्या दरबारात रोज काय घडले, कोणास मनसब मिळाली, कोणाची जहागीर जप्त झाली, मराठ्यांच्या फौजा कोठवर आल्याची बातमी आली, हे टिपून राजेरजवाड्यांचे वकील आपापल्या धन्यास पाठवीत होते. त्या बातमीपत्रांना अखबार म्हणत. आंबेर-जयपूरच्या दरबारी पोहोचलेल्या अखबारांचा मोठा साठा आज बिकानेर येथील राजस्थान राज्य अभिलेखागारात आहे, आणि कर्नल टॉडच्या हाती लागलेला भाग लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत गेला. मराठी वाचकांपुरता हा मजकूर सुलभ करून देण्याचे श्रेय सेतुमाधवराव पगडी यांच्या ‘मोगल दरबारची बातमीपत्रे’ या ग्रंथास आहे. मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचे दुसरे कागद हैदराबादेच्या अभिलेखागारात आहेत, आणि तिसरा मोठा संग्रह, इनायत जंग संग्रह या नावाने ओळखला जाणारा, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्यात एक लाखाहून अधिक फारसी कागद आहेत. माचणूरच्या घाटावर उभे राहून पाण्याकडे पाहताना आपल्या पायाखालच्या भूमीचा रोजनामा राजस्थानच्या वाळवंटात वाचावयास मिळतो, ही कल्पना प्रथम मनात आली तेव्हा मला तीत विनोद दिसला. पुढे ती सवयीची झाली.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा परिचय पुढे एका स्वतंत्र प्रकरणात आहे, तेव्हा येथे थोडक्यात सांगतो. ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यास ‘इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट’ या नावाने ते स्थापन झाले, आणि त्याचे पहिले प्रमुख जॉर्ज फॉरेस्ट हे होते. हे तेच फॉरेस्ट, ज्यांनी मुंबई सचिवालयातील मराठ्यांविषयीच्या इंग्रजी कागदांची निवड १८८५ मध्ये छापून काढली होती. म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या या खात्यावर पहिला अधिकारी आला तो मराठ्यांचे कागद हाताळून आला. राजधानी दिल्लीस गेल्यावर लट्यन्सच्या आराखड्याप्रमाणे बांधलेली, आज जनपथावर दिसणारी लाल-पिवळ्या दगडाची इमारत १९२६ मध्ये उभी राहिली आणि कागद हळूहळू तेथे गेले. १९३९ मध्ये या खात्याची सूत्रे डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांच्या हाती आली. सेन हे बंगाली, परंतु त्यांची विद्वत्ता मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथाने सिद्ध झालेली. आणि खऱ्याखुऱ्या अभ्यासकाला दफ्तराचा दरवाजा उघडला तो त्याच सुमारास. तोपर्यंत सरकारी दफ्तर म्हणजे सरकारचे खासगी कपाट, अशीच समजूत होती. स्वातंत्र्यानंतर त्यास राष्ट्रीय अभिलेखागार हे नाव मिळाले. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने केंद्र सरकारच्या खात्यांवर कागद जपण्याची कायदेशीर जबाबदारी आली, आणि पंचवीस वर्षांपलीकडचा, गोपनीय न ठरविलेला कागद पाहावयास मागणे हा कोणाच्या मेहरबानीचा विषय उरला नाही. महाराष्ट्रानेही २००५ मध्ये आपला स्वतंत्र कायदा केला. येथील गोपाळ कृष्ण गोखले, दादाभाई नवरोजी, मुकुंदराव जयकर यांचे खासगी कागदही दिल्लीच्या या वास्तूतच आहेत, हे पुष्कळांस माहीत नसते.

या वास्तूत १९९८ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते एक संग्रहालय खुले झाले, आणि अधूनमधून विशिष्ट प्रसंगानिमित्त प्रदर्शनेही भरतात. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्याविषयीच्या शंभर फायली २३ जानेवारी २०१६ रोजी खुल्या झाल्या, तेव्हा एरवी कधी दफ्तराकडे न फिरकणारी मंडळीही तिकडे वळली. प्रदर्शनाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे, ते सांगून टाकतो. काचेखाली ठेवलेला कागद हा पाहावयाचा कागद. त्यावर मोठ्या माणसाची सही असते, लाखेची मोहर असते, भूर्जपत्रावरची गिलगिटची बौद्ध हस्तलिखिते असली तर त्यांच्या वयापुढे मान लवते. मुलांना बोट धरून न्यावे, त्यांनी डोळे भरून पाहावे, हे सर्व योग्यच आहे. परंतु प्रदर्शनात मांडलेला कागद आपल्या सोबत्यांपासून तोडलेला असतो. दफ्तरात त्याच्या आधी एक अर्ज असतो, नंतर एक शेरा असतो, शेऱ्यावर वरिष्ठाचा प्रतिशेरा असतो, आणि पुष्कळदा खरी गोष्ट त्या शेऱ्यात दडलेली असते. म्हणून प्रदर्शन पाहून झाल्यावर शेजारच्या वाचनकक्षात जाऊन एक तरी फाइल मागवावी, असा माझा आग्रह आहे. ज्यास दिल्ली गाठणे शक्य नाही त्याच्यासाठी ‘अभिलेख पटल’ या नावाने २०१५ पासून संगणकावर पुष्कळ कागद घरबसल्या उघडे झाले आहेत.

सोलापूरकराला सर्वांत जवळचे मोठे दफ्तर पुण्याचे. कौन्सिल हॉलजवळच्या त्या दगडी इमारतीला सरकारी नाव पुणे पुराभिलेखागार असले तरी जुनी माणसे तिला पेशवे दफ्तरच म्हणतात. तेथे सुमारे एकोणचाळीस हजार रुमाल आहेत आणि त्यांतील कागदांची गणती कोटींनी करतात. पेशवाई बुडाल्यावर हे कागद इंग्रजांनी जपले ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे बनावट, कोणाकडून सारा घ्यावयाचा आणि कोणास सोडावयाचा, हे ठरविणाऱ्या इनाम कमिशनला त्यांची गरज होती. प्रजेच्या जमिनी तपासण्यासाठी राखलेले दफ्तर पुढे प्रजेच्या इतिहासाचे साधन झाले. त्यातून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी, जदुनाथ सरकारांच्या प्रोत्साहनाने, १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. आणि एवढे करूनही त्या समुद्रातली ओंजळच बाहेर आली.

रुमाल म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे, कारण खिशातल्या हातरुमालाशी त्याची गल्लत होते. हा जाड सुती कापडाचा मोठा चौकोन; मध्ये कागदांची पुडकी ठेवून चारी कोपरे वर घेऊन गाठ मारलेला. गाठ सोडताना ती ओढावयाची नसते, बोटांनी सैल करावयाची असते. आत कागद एकावर एक दडपून बसलेले असतात. वरचा उचलला की बोटांना बारीक रेतीचा कण लागतो, आणि प्रथम वाटते की धूळ आहे. ती धूळ नव्हे. बोरूने ओल्या शाईत लिहिल्यावर ती टिपण्यासाठी कारकुनाने टाकलेली वाळू अडीचशे वर्षांनी तुमच्या बोटाला लागलेली असते. कागदावर वरती मध्यभागी श्री, मग एका दमात आखलेली रेघ, आणि त्या रेघेला द्राक्षांच्या घडासारखी लोंबणारी अक्षरे. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हांचे तर नावही नाही. मजकूर संपला की ‘मोर्तब सुद’ किंवा लेखनसीमेचा शिक्का, म्हणजे त्यापुढे कोणी काही घुसडू नये.

आणि मग तारीख. नवशिक्या वाचकाचे अडते ते येथे. पानिपतच्या सालचा कागद हाती आला तर त्यावर ‘१७६१’ असे कोठेही सापडणार नाही. ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असे असेल. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११६१. हा सुहूर सन; त्याचा आरंभ मृगापासून, म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षाबरोबर. त्यात ५९९ मिळविले की इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवावयाचे. महिना मात्र चांद्र, मुसलमानी; त्यापूर्वी ‘छ’ हे अक्षर घालून तिथीचा आकडा. मराठी भाषा, अरबी आकडे, हिजरी महिने आणि मृगाचा पाऊस, असा चौघांचा संसार त्या एका ओळीत सुखाने नांदत असतो. दोन-चार दिवस सराव केला की हे सारे पाढ्यासारखे जिभेवर बसते, याची मी ग्वाही देतो.

पुण्याहून पुढे मुंबई. सोलापुरातून रात्री निघणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरावे आणि पायीच काळा घोड्याकडे जावे. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना १८२१ मध्ये या दफ्तरखान्याचा पाया पडला, आणि सुरतेच्या वखारीच्या सतराव्या शतकातील रोजनिश्याही तेथे आहेत. सोलापूरकराने मात्र प्रथम मागावयाचे ते गृहखात्याच्या ‘स्पेशल’ शाखेचे कागद. त्यांचा जोडीदार संग्रह दिल्लीस गृहखात्याच्या ‘पोलिटिकल’ शाखेत आहे.

त्या कागदांतले १९३० चे सोलापूर वाचताना मन शांत ठेवणे कठीण जाते. महात्मा गांधींना मे महिन्याच्या आरंभी अटक झाल्यावर गिरण्या बंद पडल्या, मोर्चे निघाले, ८ मे रोजी गोळीबार झाला, न्यायालयाची इमारत जळाली, मंगळवार पेठेच्या चौकीत दोन पोलीस मारले गेले. आणि १२ मे पासून ३० जूनपर्यंत शहरावर लष्करी कायदा चालला. पोलिसांच्या वधाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले. चार पुतळ्यांपाशी दर वर्षी हार पडतात, पुण्यास जाणाऱ्या गाडीला हुतात्मा एक्स्प्रेस हे नाव आहे, हे सर्व आपण जाणतो. पण कागद काय दाखवितो? टंकलेखनाच्या कार्बन-प्रतींचे पातळ, पिवळे पडलेले ताव. समासात शाईने ओढलेल्या अधिकाऱ्यांच्या आद्याक्षऱ्या. एका खात्याने दुसऱ्यास पाठविलेल्या तारा. या सर्व लिखाणात आपल्या गावची माणसे आहेत, परंतु ती आरोपी म्हणून, जमाव म्हणून, ‘उपद्रवी’ म्हणून आहेत. बोलणारा सर्वत्र सरकार आहे. कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवीत असत. त्याचा एखादा अंक कोणाच्या माळ्यावर, जुन्या बाडांत असेल, तर फिर्यादीने भरलेल्या त्या साऱ्या गठ्ठ्यासमोर तो एकटा दुसऱ्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा राहील.

हीच गोष्ट सेटलमेंटची. १८७१ पासूनच्या कायद्यांनी ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्यातील हजारो माणसे सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली आणि येथल्या गिरण्यांच्या मागांवर राबली. त्यांचे कागद विपुल आहेत: हजेरीचे पट, परवान्यांच्या नोंदी, सेटलमेंट अधिकारी स्टार्ट यांचे वार्षिक अहवाल. कोण किती वाजता आला, कोण गैरहजर राहिला, हे सारे त्यांत आहे. त्याला काय वाटले, हे कोठेही नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का पुसला गेला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. त्या तारेआड ज्यांचे बालपण गेले अशी माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांच्या आठवणी कोणी टिपून घेतल्या, तर तेही दफ्तरच होईल, आणि हजेरीपटाशेजारी ठेवावयास ते अत्यंत आवश्यक आहे. कागदाचा अभिमान बाळगणारे आम्ही लोक तोंडी साक्षीस कमी लेखतो. या एका प्रकरणात तरी तसे करू नये.

आता सेवेविषयी. दफ्तराची विनावेतन सेवा ही परदेशी कल्पना आहे, असा एक समज आढळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्वयंसेवक प्रेक्षकांना कागद समजावून देतात, घरी बसून जुन्या कागदांचे अक्षरांतर करतात, हे खरे. आणि २०२५ च्या आरंभी त्या संस्थेने जुन्या वळणाचे, जोडून लिहिलेले इंग्रजी हस्ताक्षर वाचू शकणाऱ्यांना साद घातली, तेव्हा ती बातमी जगभर गाजली, कारण तिकडच्या नव्या पिढीला आपल्या पणजोबांची पत्रे वाचता येईनाशी झाली आहेत. आपल्याकडे हे दुखणे सत्तर वर्षांचे जुने आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी उठली, आणि एका पिढीच्या अंतराने घरोघरचे कागद मुके झाले. परंतु सेवेची परंपरा मात्र आपली स्वतःची आहे. मिरजेच्या शाळेत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातले कागद निवडून, लिहून, ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने १८९७ पासून छापावयास आरंभ केला, तो पदरचा पैसा घालून आणि कर्ज काढून. १९१० मध्ये पुण्यास निघालेले भारत इतिहास संशोधक मंडळ अशाच पदरमोड करणाऱ्या माणसांनी चालविले. राजवाडे तर आयुष्यभर फिरस्ते राहिले. १९२६ च्या अखेरीस धुळ्यास त्यांचे निधन झाले, आणि तेथेच त्यांच्या संग्रहाभोवती एक संशोधन मंडळ उभे राहिले.

आज राज्याचे पुराभिलेख खाते मोडीचे अल्प मुदतीचे वर्ग भरविते. दहा-बारा दिवसांच्या शिक्षणाने अक्षरओळख होते, पुढचे काम सरावाचे. या शिक्षणाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांस २०२३ साली उत्तर मिळाले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतील अभिलेख कक्ष एकाएकी उघडले गेले. जन्म-मृत्यूची कोतवाल बुके, पाहणीपत्रके, जुने फेरफार टेबलावर आले, आणि मोडी वाचणाऱ्याला शोधीत अधिकारी फिरू लागले. त्या प्रश्नावर ज्याचे जे मत असेल ते असो. पण शंभर वर्षांपूर्वीच्या कोतवालाने पेन्सिलीने केलेली नोंद हजारो कुटुंबांच्या दारी येऊन उभी राहिली, हे कोणास नाकारता येणार नाही.

कचेऱ्यांतल्या कागदांची वर्गवारीही वाचकाला ठाऊक असावी. महसुली दफ्तरात कायम ठेवावयाचा कागद ‘अ’ वर्गाचा, त्याला लाल कापड. तीस वर्षांचा ‘ब’, त्याला हिरवे. त्याहून कमी मुदतीचा ‘क’ पिवळ्यात, आणि वर्षभरात निकालात काढावयाचा ‘ड’ पांढऱ्यात. पद्धत उत्तम आहे. पण ‘क’ कोणता आणि ‘अ’ कोणता हे ठरविणारा हात घाईत असला तर काय होते, ते मी एका कार्यालयात पाहिले आहे. आवारात रद्दीचा टेम्पो उभा होता, गठ्ठे तोलले जात होते, आणि वरच्या गठ्ठ्यातून डोकावणाऱ्या बांधीव वहीच्या पुठ्ठ्यावर एकोणिसाव्या शतकातले साल स्वच्छ वाचता येत होते. मी विनंती केली; मला बारनिशीत अर्ज देण्यास सांगण्यात आले; अर्जास क्रमांक मिळाला, आणि टेम्पो निघून गेला. दोष एका माणसाचा नव्हता. तेथे उभ्या असलेल्या कोणालाच ती वही वाचता येत नव्हती.

सोलापुरात करण्यासारखे काम म्हणून पुष्कळ आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे जन्मघर स्मारक म्हणून जपले गेले आहे. १९१० साली येथे जन्मून चीनमध्ये १९४२ साली रुग्णसेवा करता करता देह ठेवलेल्या या डॉक्टरांच्या घरी शाळकरी मुलांना नेऊन नीट समजावून सांगणारा माणूस हवा असतो. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलचे आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्यांचे पगारपट, पासबुके, बदली कामगारांची कार्डे, विणकरांच्या घरचे सुताचे हिशेब, तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी अशा चार लिप्यांतली लग्नपत्रे व वर्तमानपत्रे गल्लोगल्ली पडून आहेत. १८५२ मध्येच नगरपालिका स्थापन झालेल्या या गावात कागद थोडे नाहीत; ते वेचणारे थोडे आहेत. ज्याला जी लिपी येते त्याने त्या लिपीचे काम उचलावे. उर्दू वाचणाऱ्याने मोडी वाचणाऱ्याच्या शेजारी बसावे, कारण पुष्कळदा एकाच कागदाच्या दोन बाजूंवर दोन्ही लिप्या असतात.

वाचकाकडे माझी मागणी दोन आहेत. घरातला जुना कागद वाचता येत नाही म्हणून टाकू नये आणि वाचता येत नाही म्हणून पूजूही नये. त्याला चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये घट्ट कोंडू नये, कसर लागली असेल तर उन्हात न टाकता सावलीत वारा द्यावा, आणि जाणकारास दाखवावा. मूळ कागद देण्याचे मन नसेल तर त्याची स्वच्छ छायाप्रत अभिलेखागारास किंवा एखाद्या जुन्या ग्रंथालयास द्यावी. दुसरे मागणे असे, की हे पुस्तक वाचून झाल्यावर एकदा तरी सकाळच्या गाडीने पुण्यास जावे आणि एक रुमाल मागावा.

जाताना ओळखपत्र आणि त्याची एक प्रत बरोबर ठेवावी, संदर्भाचा क्रमांक आधी सूचीत पाहून लिहून न्यावा, आणि टिपणासाठी पेन्सिल न्यावी. जुन्या कागदांजवळ शाईचे पेन चालत नाही.